तिसऱ्या शब्दाची जागा

त्या दिवशी मी तीन शब्द विसरलो. माणूस विसरतो, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण माझा धंदाच लोकांना तीन शब्द सांगून थोड्या वेळानं ते परत मागण्याचा आहे. पोहणं शिकवणाऱ्यानं हौदाच्या उथळ बाजूला गटांगळी खावी, तसं ते झालं.

समोर मोर्शीच्या एक आजी बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हात मांडीवर, परीक्षेला बसावं तशा. मी नेहमीसारखे तीन शब्द सांगितले, तेवढ्यात घरून फोन आला, येताना जिरं आणायचं होतं. फोन ठेवला आणि आजींना म्हणालो, "हां, मघाशी मी कोणते शब्द सांगितले होते?"

आजी गोंधळल्या. "बाहेर तं आंबा, खुर्ची, पैसा सांगतलं होतं. आत तुमी दुसरंच काई बोलले. आता कोणतं खरं धरू?"

"आतलं धरा. आत मी काय म्हणालो?"

"ते तुमाले माहीत असन न बापा. इचारून तुमीच राहिले."

मला खरंच आठवेना.

याचं मूळ आमच्या प्रतीक्षागृहात होतं. आंबा, खुर्ची, पैसा हे माझे वर्षानुवर्षांचे ठरलेले शब्द. दर्यापूर, मोर्शी, चांदूर रेल्वे इथून आलेली माणसं बाकावर बसून एकमेकांची तयारी करून घेत होती, हे मला फार उशिरा कळलं. तपासून बाहेर आलेला माणूस आत जाणाऱ्याला सांगायचा, "आंबा, खुर्ची, पैसा पाठ कर, बाकी काई कठीण नाई." शेजारचा नापास होऊ द्यायचा नाही, हा आमच्या वऱ्हाडाचा धर्म. ज्याला दवाखान्यातून लघवीला जायची वाट सापडत नव्हती, तो तीनही शब्द धडाधड म्हणून दाखवायचा आणि मी त्याला पैकीच्या पैकी द्यायचो. म्हणून त्या सकाळी मी शब्द बदलले होते. कंदील, बैल, दोरी. मलाच नवे होते, दुसरं काय.

संध्याकाळी ही फजिती मी शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितली. ती शाळेत शिक्षिका आहे. पोटभर हसली आणि म्हणाली, "मंग नवे कोणते ठेवले?" मी सांगितले. हे पुढे महागात पडणार होतं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. लग्नाकार्यात लोक मला गाठून गुडघा दाखवतात. मी मानसशास्त्र शिकलो आणि अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे बसून स्मृतीची तपासणी करतो. दर गुरुवारी अकोल्याला जातो, त्याच डॉक्टरांबरोबर. काम साधं आहे. आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, शंभरातून सात गेले किती, कागदावर घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आणि ते तीन शब्द. शब्द एकमेकांशी नातं नसलेले हवेत आणि खोलीत ती वस्तू दिसता कामा नये, एवढं पथ्य. तारीख विचारताना पथ्य माझ्याकडूनच मोडलं जायचं. चांदूर रेल्वेचे एक निवृत्त कारकून मला शांतपणे म्हणाले होते, "साहेब, तुमच्या मागं कॅलेंडर आहे, अन् ते तुमी मागच्या महिन्यावरच ठेवलं आहे." मी आधी कॅलेंडर काढलं, मग त्यांना मार्क दिला. एका आजोबांनी चौकोनी घड्याळ काढून त्यात नुसते आकडे लिहिले. म्हणाले, नातवाच्या मोबाइलवर असंच असते. मार्क द्यायचा की नाही, यावर डॉक्टर आणि मी दुपारभर वाद घातला.

हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच. बाकी खोलीत बसलेल्या मुलांचे, सुनांचे चेहरे बघवत नाहीत. त्यांना एकच हवं असतं, की मी म्हणावं, वयाचं आहे, काही नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत मलाही तेच म्हणायचं होतं.

आमचे सासरे नामदेवराव इंगळे. मी त्यांना मामाजी म्हणतो. एस.टी.त कंडक्टर होते. अकोला-दर्यापूर हा त्यांचा लाडका मार्ग. निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्यातल्या वस्तीच्या विहारात वाचनालय चालवायला घेतलं. पहाटे आंघोळ करून, वंदना म्हणून विहाराचं कुलूप उघडायचं आणि पेपर टेबलावर मांडायचे. चावी दोरीला बांधून सदऱ्याच्या खिशात. ती चावी त्यांनी कधी कोणाला दिली नाही, तापातही नाही.

वर्षभरापूर्वी त्यांच्या स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. विसराळूपणा वाढला होता, तेच तेच विचारत होते. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, रात्री झोपताना घ्यायची. गोळीचं नाव मुद्दाम देत नाही, कोणीतरी पेपरातलं कात्रण घेऊन दुकानात जाईल. त्या गोळीवर मामाजी बरे चालले होते. पेपर मांडत, बरे म्हणजे नवे खाली आणि शिळे वर असं व्हायचं कधी कधी, पण मांडत.

मग दोन-चार आठवड्यांत सगळं ढासळलं. मामाजी अंगणात माणसं दिसतात म्हणायला लागले. मामीजींना, म्हणजे सासूबाईंना, तिकीट विचारायचे. त्या बिचाऱ्या पहिल्या दिवशी हसून म्हणाल्या, "दर्यापूर, दोन." दुसऱ्या दिवशी त्यांना हसू आलं नाही. चावी घेऊन मामाजी विहाराऐवजी डेपोकडे निघाले.

पुण्याहून माझा साळा दिनेश आला. दिनेश वाईट माणूस नाही, उलट आईबापावर जीव टाकणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. घर बंद करायचं, दोघांना पुण्याला न्यायचं. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली गार्ड आहे. वडील रस्त्यावर कुठे गाडीखाली आले तर?

हे मला पटेना, त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. या आजारात नवं टिकत नाही, जुनं टिकतं. अकोल्याच्या घरात न्हाणीघर कुठे, हे मामाजींच्या पायांना माहीत होतं. पुण्याच्या फ्लॅटमधलं न्हाणीघर त्यांना रोज नव्यानं शोधावं लागलं असतं आणि ते कधीच सापडलं नसतं. त्यांना घरातून उचललं, तर जे उरलं होतं तेही तिथेच राहून गेलं असतं. मी हे दिनेशला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, मग तुमीच तपासा. तुमच्या तपासणीत बरे निघाले तर राहू दे इथं. नाई तं पुढच्या आठवड्यात मी घेऊन जातो."

आपल्या माणसाची परीक्षा आपण घेऊ नये. पण अकोल्यात आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घ्या, मी बसतो बाजूला.

गुरुवार आला. खोलीत मामाजी, मामीजी, दिनेश, डॉक्टर आणि दाराशी शोभा. ती दोन दिवस आधीच रजा टाकून माहेरी गेली होती. मी सुरुवात केली. वार चुकला. गाव विचारलं तर मामाजी म्हणाले, "मूर्तिजापूर आलं का?" मी तीन शब्द सांगितले, कंदील, बैल, दोरी. पहिला शब्द ऐकताच मामाजींनी शोभाकडे पाहिलं. वर्गात मुलं जशी ओळखीचा प्रश्न आला की बाईंकडे बघतात, तसं. माझ्या सगळं लक्षात आलं. बाईंनी दोन दिवस शिकवणी घेतली होती.

मी मनात म्हटलं, बरं झालं.

थोड्या वेळानं शब्द मागितले. शोभाचे ओठ हलत होते, आवाज न करता. कंदील, बैल, दोरी. मामाजींनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "सुट्टे पैसे द्या, बापू. सकाळचीच वेळ आहे." मग ओठांवरून जीभ फिरवली आणि पाणी मागितलं. तपासणी सुरू झाल्यापासून तिसऱ्यांदा.

शोभा बाहेर गेली. दोन दिवस पाठ करून घेतलेलंही राहिलं नव्हतं.

"झालं मंग," दिनेश उठत म्हणाला. आवाजात जिंकल्याची खूण नव्हती, उलट तो रडायच्या बेतात होता.

मी म्हणालो, बस. माझ्या कामात मी फारसा हुशार नाही, पण एक गोष्ट इतक्या वर्षांत हाडात मुरली आहे. हा आजार उतारासारखा असतो. माणूस हळूहळू उतरत जातो, घरच्यांना कळतही नाही. मामाजी उतरले नव्हते, पडले होते. आणि चालता माणूस एकदम पडला तर आधी बघावं, पायात काय आलं. मी मामीजींना विचारलं, पोट साफ होतं का? त्या लाजल्या, मान हलवून नाही म्हणाल्या. मामाजींची जीभ कोरडी पडलेली मला दिसतच होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, घरात आहे तेवढं सगळं औषध घेऊन या. दवाखान्याचं, दुकानातलं, शेजारणीनं दिलेलं, सगळं.

दिनेश मोटरसायकलवर जाऊन थैली घेऊन आला. साड्यांच्या दुकानाची थैली होती. टेबलावर उलटी केली. बीपीची गोळी, गुडघ्याचा मलम, नातवाचं अर्धवट राहिलेलं खोकल्याचं औषध, कोणाचे तरी आय ड्रॉप्स, आयुर्वेदिक काढा. डॉक्टरांनी त्यातून एक छोटी पट्टी बोटानं बाजूला सारली. सर्दी-खाजेची साधी गोळी. मेडिकलवाला मागितली की देतो अशी.

"ही कोण घेतं?"

मामीजी म्हणाल्या, "याईलेच देतो मी, महिना झाला. झोप नव्हती येत त्याईले. भेव वाटे सपनाचं, उठून बसत. बाजूची म्हणे, ही दे, छान झोप लागते. लागे पण."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते ती रसायनाच्या हातून. दोघींमध्ये बारीकशी फट असते. निरोप्या ती ओलांडून पलीकडे जातो, तिथे त्याची ठरलेली जागा असते, तिच्यावर बसला की निरोप पोचला. लगेच एक झाडूवाला येऊन त्याला झाडून टाकतो, म्हणजे पुढच्यासाठी जागा मोकळी. आठवणीचं, लक्ष देण्याचं काम करणाऱ्या एका निरोप्याचं नाव ॲसिटिलकोलीन. या आजारात तो निरोप्या पाठवणाऱ्या पेशीच कमी होत जातात. आमची आठवणीची गोळी नवे निरोपे तयार करत नाही. ती फक्त झाडूवाल्याचा हात धरते, की बाबा, आहेत तेवढे जरा वेळ बसू दे. बस, एवढीच तिची करामत. तिनं आजार जात नाही, थोडा काळ हातात येतो.

आणि सर्दीची ती गोळी काय करते? मी मामीजींना सांगत होतो आणि मला एकदम मामाजींचीच एस.टी. आठवली. म्हटलं, मामीजी, गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात न सीटवर? ही गोळी म्हणजे तो रुमाल. ती स्वतः निरोप सांगत नाही, पण जागा अडवून बसते. निरोप्या फट ओलांडून येतो, बघतो तर सीटवर रुमाल. परत जातो. तरुण माणसाकडे निरोप्यांची गर्दी असते, त्याला फक्त झोप येते. मामाजींकडे आधीच मोजके. एक गोळी त्यांना बसायला जागा देत होती आणि दुसरी तीच जागा अडवत होती.

आणि इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेले मामाजी खणखणीत आवाजात म्हणाले, "उचला तो रुमाल. ज्याचं बूड त्याची जागा."

हे त्यांचं जुनं वाक्य. दर्यापूरच्या गाडीत आयुष्यभर म्हटलेलं. दिनेश हसला आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

मामीजी मात्र पट्टी हातात धरून बसल्या. "म्या त्याईले झोप देल्ली," त्या हळूच म्हणाल्या, "अन् झोपेसंगं काय काय देल्लं."

त्यांना मी आणि डॉक्टरांनी आलटून पालटून समजावलं. चूक असलीच तर आधी आमची होती. आठवणीची गोळी रात्री घेतली की काहींना भयंकर स्वप्नं पडतात, झोप उडते. हे आम्ही नीट सांगायला हवं होतं. त्या बाईनं रात्र रात्र जागून शेवटी हाताशी आलं ते केलं. डॉक्टरांनी सर्दीची गोळी बंद केली, पाणी आणि पोटाची व्यवस्था लावून दिली आणि आठवणीची गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायला सांगितली. एवढंच. दिनेशकडे मी एक महिना मागितला. तो म्हणाला, "महिना. पण बाबा रस्त्यावर गेले तं?"

याचं उत्तर शोभाकडे होतं.

तिनं गल्ली पिंजून काढली. दळणाच्या गिरणीवाल्यापासून विहारातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, लपवालपवी नाही. आपल्याकडे लोक हा आजार झाकून ठेवतात, पाहुणे आले की म्हाताऱ्याला आतल्या खोलीत बसवतात. शोभा म्हणाली, झाकलं तं लोक मदत कशाची करतील? दुपारची झोप तिनं बंद करवली, बायकांनी मामाजींना विहारात शेंगा सोलायला बसवलं. संध्याकाळी मामीजी त्यांना फिरवून आणायच्या, रोज तोच रस्ता. पहिले काही दिवस वाईट गेले. झोप नाही, चिडचिड. मामीजी पट्टी मागायच्या नाहीत, पण मेडिकलपुढून जाताना पाय रेंगाळायचा, असं त्यांनीच सांगितलं. मग अंगणातले प्रवासी एकेक करून उतरून गेले.

महिन्याच्या शेवटी दिनेश आला तेव्हा बसस्टँडवरून येताना त्याला काय दिसलं ते त्यानंच सांगितलं. मामाजी चौकातून चुकीच्या बाजूला वळत होते. पानठेल्यावरचा युसूफ, ज्याला दिनेश लहानपणापासून ओळखतो, गिऱ्हाइकाचं पान लावता लावताच म्हणाला, "चाचा, डेपो बंद हो गया आज. पेपर आ गए हैं, चलो, ताला खोलो." आणि मामाजी वळले. दिनेश मागून हाक न मारता चालत गेला. मामाजींनी कुलूप उघडलं. पेपर मांडले. शिळे वर, नवे खाली.

त्या गुरुवारी मी शब्द सकाळीच ठरवले आणि कोणालाही, विशेषतः एका शिक्षिकेला, सांगितले नाहीत. मोर्शीच्या आजींचा धसका घेऊन तळहातावर लिहून ठेवले. शोभानं ते पाहिलं आणि म्हणाली, पोरांच्या हातावर असं सापडलं तं आमी पेपर काढून घेतो.

मामाजींनी वार बरोबर सांगितला. गाव अकोला सांगितलं, वर मलाच विचारलं, की जवाईबापू, तुमाले माहीत नाई काय. घड्याळात काटे एकाच बाजूला गेले, पण गेले. मग मी शब्द मागितले.

"घागर," मामाजी म्हणाले. थांबले. "चश्मा."

शोभा दाराशी होती, पण या वेळी ओठ घट्ट मिटलेले. मामाजींनी खिशातली चावी बोटांत धरली, सोडली.

"अजून एक होता," ते म्हणाले. "काय होता नाई सांगता येत. पण होता एक, जवाईबापू. जागा रिकामी आहे त्याची."

मी मार्क लिहिला, दोन. नियमाप्रमाणे तिसऱ्याचा शून्य. आमच्या कागदावर रिकाम्या जागेला मार्क नाही. महिन्यापूर्वी या माणसाला आठवायचं काही आहे, हेच माहीत नव्हतं. आता त्यांना माहीत होतं, की एक उतारू चढायचा राहिला आहे. हे लिहायला रकाना नसल्यामुळे मी ते इथे लिहितो आहे.

दिनेशनं बाहेर येऊन मला विचारलं, खरं सांगा. मी खरं सांगितलं. आजार तिथेच आहे. रुमाल उचलला म्हणून गाडी नवी होत नाही. पुढच्या वर्षी दोनाचा एक होईल, मग तोही नाही. पण तेवढा काळ ते आपल्या गल्लीत, आपल्या पायांनी जगतील. मग दिनेश आत गेला आणि मामीजींना म्हणाला, "आई, चावी राहू दे बाबांजवळच. आपण अजून दोन करून घेऊ. एक युसूफकडं ठेवू." पुण्याचा विषय त्यानं परत काढला नाही. दर महिन्याला मात्र येतो आता.

परत येताना बसमध्ये खिडकीशी शोभा आणि कडेला मी. मूर्तिजापूर गेलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, दोनाचा एक होईल हे मी दिनेशला सांगितलं ते तिनं ऐकलं असणार. बायकोला धीर द्यायचा, तर मी अभ्यासू आवाजात म्हणालो, की बघ, तिसरा शब्द गेला याचं एवढं मनाला लावून घेऊ नको, मेंदूत असं होतं, की...

"लिंबू," शोभा म्हणाली.

"काय?"

"तिसरा. लिंबू होता. मी होती न तथी." ती खिडकीबाहेर बघतच बोलत होती. "त्याईले नाई आठवला तं मी सांगीन. मी इसरली तं दिनेश हाय, आई हाय. अन् तुमी काई धीर देऊ नका मले. हात धुतला तुमी दवाखान्यात, तवाच तुमचा लिंबू गेला."

मी तळहात पाहिला. कोरा होता.